राहिलेली अर्धी दाढी

दाढी अर्धी झालेली असताना मला खुर्चीवरून उठवणारा माणूस आयुष्यात एकच भेटला. डावा गाल गुळगुळीत, उजव्या गालावर फेस, आणि हा गृहस्थ वस्तरा पुसून बाजूला ठेवत म्हणाला, "उठा पाव्हणं. झालं."

मला वाटलं, ब्लेड बदलायचं असेल. "ही बाजू राहिलीय अजून," मी म्हटलं.

"ती राहू द्या. उद्या पौडला सरकारी दवाखान्यात जावा, रगत तपासा, कागद घिऊन या. मंग करतो."

"कशाचं रक्त? मला काय झालंय?"

"ते मला म्हाईत न्हाई," ते म्हणाले आणि ओल्या फडक्यानं माझ्या उजव्या गालावरचा फेस पुसून टाकला.

मी तेव्हा माले गावात नवा होतो. मूळचा परभणीकडचा, नोकरी पिरंगुटला एका कंपनीच्या ऑफिसात, आणि पिरंगुटला परवडेल अशी खोली मिळेना म्हणून मुळशीच्या रस्त्यानं आत आत सरकत इथवर आलेला. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं होतं, "कुणाकडं ऱ्हाता?" मी घरमालकाचं, संदीपचं नाव सांगितलं. त्यांचा ब्रश क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. गावातले सगळे त्यांना आबा म्हणायचे, पुढे मीही म्हणू लागलो, पण त्या रविवारी माझ्या तोंडात त्यांच्यासाठी जे शब्द आले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तोंडाला रुमाल बांधून मी गाडीवर पौड गाठलं आणि पहिल्या दिसेल त्या सलूनमध्ये शिरलो. तिथल्या तरुण कारागिरानं रुमाल काढायला लावला, माझं तोंड बघितलं आणि मागं सरला. "माल्याच्या आबांकडनं आला का? मंग आमी हात न्हाई लावायचो." मी विचारलं, का? तो म्हणाला, "त्यांनी अर्धी ठिवली म्हंजी कायतरी बगितलं आसंल." दुसऱ्या दुकानातही तेच. घरी जाऊन स्वतः करता आली असती. पण रागाच्या भरात माणसाला साध्या गोष्टी सुचत नाहीत, आणि एव्हाना रागाच्या खाली थोडी भीतीही बसली होती. सोमवारी सकाळी मी तशाच तोंडानं दवाखान्यात गेलो. खिडकीमागच्या बाईंनी मान वर करून एकदा बघितलं आणि काही न विचारता रक्त घेतात त्या खोलीकडे बोट केलं.

मला मधुमेह निघाला. वय चौतीस. माझ्या मानेवर मागच्या बाजूला मळासारखा काळपट, जाडसर पट्टा होता. लहानपणी आई दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू लावून तो खसाखसा घासायची आणि तो जात नाही म्हणून मलाच रागवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मळ नाही, शरीरात साखरेचं काम बिघडत चाललं की मानेची, काखेची कातडी पुष्कळदा अशी होते. कागद घेऊन मी परत गेलो. आबांनी तो उलटसुलट बघितला, माझ्या हातात परत दिला आणि उजवा गाल भिजवायला घेतला. साखर निघाली म्हणून मी सांगितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "गोळ्या चुकवू नका."

त्यांचं दुकान रस्त्याच्या कडेला पत्र्याचं होतं. खुर्चीचं तोंड आरशाकडे नसून उघड्या दाराकडे, रस्त्याकडे होतं. शनिवार-रविवारी ताम्हिणीला जाणाऱ्या गाड्यांमधली पोरं खिडकीतून अर्ध्या फेसातल्या माणसाला बघून हसत जायची. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, "आरशात तुमचं तुमाला दिसतंय, मला कुटं दिसतंय? मला उजेड लागतो." दुकानात ट्यूब होती, ती ते लावत नसत. ट्यूबखाली सगळीच माणसं आजारी दिसतात असं त्यांचं म्हणणं. सूर्य कलला की दुकान बंद. दाढी करण्याआधी ते साबणानं हात धुवायचे, तेही इतका वेळ की नवं गिऱ्हाईक कंटाळून वर्तमानपत्र उघडायचं. मग अंगठ्यानं मान, कानाच्या पाळ्या, भुवया, पापण्या चाचपायचे. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही. बोललं की आबा अंगठा उचलून उभे राहायचे आणि बोलणं संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

गावातल्या हॉटेलवाल्या म्हाताऱ्याला अंगभर खाज होती. कातडीवर पुरळ नाही, चट्टा नाही, फक्त नखांचे ओरखडे. तो करंजाचं तेल लावून बसायचा. आबांनी तीन वेळा त्याची दाढी अर्धी ठेवली, तिन्ही वेळा त्यानं ती घरी पुरी केली. चौथ्या वेळी आबांनी सरळ भादरायचं यंत्र घेतलं आणि डोक्याचीही एकच बाजू भादरली. ती काही घरी पुरी होईना. म्हातारा शिव्या घालत दवाखान्यात गेला. त्याची किडनी कामातून जायला लागली होती; खाज कातडीची नव्हतीच. आता औषधं आणि पथ्यावर आहे. भिंतीला ओल आली की आबा जे म्हणायचे ते मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं, "भित्ताड पुसून काय हुतंय? वर कौल फुटलंय का बगा." मुळशीच्या पावसात राहिलेल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही.

ते चुकायचेही. शाळेतल्या एका गुरुजींच्या कपाळाकडेची लाली बघून त्यांनी त्यांना दवाखान्यात धाडलं, तर तो केसांच्या कलपाचा त्रास निघाला. गुरुजींनी ती गोष्ट चावडीपुढे रंगवून रंगवून सांगितली, कलपाचा भाग वगळून. एका मुलाच्या सोयरिकीच्या वेळी कुणीतरी उठवलं की आबानं ह्याची अर्धी ठेवली होती, आणि मुलीकडचे मागं फिरले. त्या मुलाच्या घरातली तीन माणसं दुकानात येऊन वाट्टेल ते बोलून गेली. आबा ऐकून घेत उभे राहिले. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. पोरंटोरं पौडला जायची, तिथं गाणी असायची आणि कुणी मानेला हात लावायचं नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "आबा, नुसतं तोंडानं सांगा ना. अर्धी कशाला ठेवायची? लोकांचा अपमान होतो."

"तोंडानं सांगितलेलं माणूस व्हय म्हणून इसरतं," ते म्हणाले. "अर्ध्या तोंडानं कुटं जाशील?"

श्रावणात बरेचजण दाढी-केस करत नाहीत, त्यामुळे दुकान रिकामं असायचं. आबा तरी रोज उघडायचे. मला मात्र ऑफिसमुळे श्रावण पाळता येत नव्हता. एका दुपारी बाहेर पाऊस इतका होता की रस्त्यापलीकडचं घर दिसत नव्हतं. माझी दाढी झाली होती आणि जायला वाट नव्हती. आबांनी फळीवरून चामड्याची जुनी धोकटी काढली. वडिलांची, म्हणाले. आत कात्री, चिमटा, कान कोरायची सळई आणि लाल फडक्यात गुंडाळलेला एक जुना वस्तरा होता.

"माजा बाप ह्यानं फोड चिरायचा," ते म्हणाले. "गावात कुणाला केसतूड झालं, गळू झालं, की आमच्या घरी. आजा चिरायचा, बाप चिरायचा, मी बी चिरायचो. हात चांगला हुता माजा."

मग त्यांनी बबनची गोष्ट सांगितली. बबन म्हणजे संदीपचा बाप. आबांचा लहानपणापासूनचा मित्र, शेजारच्या बांधावरचा. वीस एक वर्षांपूर्वी त्याच्या मानेवर मोठं केसतूड आलं, लालबुंद, चार-पाच तोंडांचं. त्याआधी वर्षभर त्याला लहानमोठी गळवं येत होती, एक बरं झालं की दुसरं. मान काळी पडली होती. तहान तहान करायचा, रोडावला होता. हे सगळं आबांना रोज दिसत होतं आणि ते काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. बबन दुकानात येऊन बसला, मान खाली घातली आणि म्हणाला, चीर.

"मी चिरलं," आबा म्हणाले. "गरम पाण्यात वस्तरा बुडवला, हळद लावली, बाप करायचा तसंच सगळं. तिसऱ्या दिशी थंडी वाजून ताप आला. पुण्याला नेला. डाक्टर म्हणला, ह्याला साखर हाय कधीपासनं, इख रक्तात गेलंय, ह्याला चिरायला कुणी सांगितलं?"

पाचव्या दिवशी बबन गेला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आबा, त्यांनीच सांगितलं ना चिरायला."

"त्यानं सांगितलं," ते म्हणाले, "पर वस्तरा माज्या हातात हुता."

गावानं त्यांना बोल लावला नाही. त्याची वेळ भरली होती, असं सगळे म्हणाले. दहाव्याला नदीवर बबनच्या मुलाचं मुंडण करायला गावचा न्हावी म्हणून आबाच गेले. संदीप तेव्हा कॉलेजात होता. "पोरगं म्होरं बसलं, डोस्कं खाली घालून, बापासारखंच," आबा म्हणाले. "मी समदे केस उतरवले. एकदा बी हात थरथरला न्हाई, त्येचं मला आजून वाईट वाटतं. हात थरथराय पायजे हुता." शेवटचा केस उतरल्यावर संदीप उठला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाला, "दवाखान्यात जा म्हणून तुमी म्हणला असता, तर आबा, आमचे वडील तिकडं गेले असते. तुमचं ऐकायचे ते." त्यानंतर संदीप त्यांच्या दुकानात कधी आला नाही. रस्त्यात समोरून आला तर बाजू बदलतो. आबांनी तो वस्तरा लाल फडक्यात बांधून ठेवला, आणि तेव्हापासून अर्ध्या दाढ्या सुरू झाल्या.

पाऊस थोडा कमी झाला होता. मी उठलो. आबांनी माझं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्यांनी दाढीच्या कामाखेरीज मला कुठे हात लावला नव्हता.

"त्येची मान बगितली का तुमी? संदीपची?"

मी बघितली होती. माझ्यासारखीच होती. रोज दिसणारी गोष्ट आपण बघत नाही, तशी बघितली होती.

"मी लांबनं बगतुया दोन वर्सं. काळं वाढत चाललंय. आनि परवा कॉलरखाली पट्टी हुती मागनं." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी सांगाय गेलो तर त्यो उलटं करंल. तुमी त्येच्या घरात ऱ्हाता. तुमी सांगा. माजं नाव घिऊ नका."

मी हो म्हटलं आणि चार दिवस काही बोललो नाही. खरं सांगतो, मला संकोच वाटला. घरमालकाला त्याच्या अंगाबद्दल काय म्हणायचं? शिवाय माझ्या साखरेचं मी गावात कुणालाच कळू दिलं नव्हतं. लग्न व्हायचं होतं, गोळ्या डब्यात लपवून ठेवायचो. त्या चार दिवसांत मी ऑफिसातून येता-जाता आबांच्या दुकानावरून गाडी जोरात नेली. ते दारातल्या खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, स्वतः बसलेले असायचे आणि नुसते बघायचे. आजही ते चार दिवस आठवले की मला माझी लाज वाटते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी खाली गेलो तर संदीप ओसरीवर पालथा पडला होता. त्याची बायको, आमच्या वहिनी, मानेवर जवसाच्या पिठाचं गरम पोटीस बांधत होत्या. फडकं उचललं तेव्हा मला ते दिसलं. लाल, ताणलेलं, चाळणीसारखी तोंडं पडलेलं. मी बबनला कधी बघितलं नव्हतं, पण त्या क्षणी मला तोच दिसला.

"पिकलंय," संदीप म्हणाला. "उद्या सकाळी दाबून काडायचं. मोकळं हुईल."

"दाबू नका," मी म्हटलं. "दवाखान्यात चला. आत्ता."

"एवढ्याशा फोडाला?"

"साखर तपासली का कधी?"

तो उठून बसला. मला एकदा नीट न्याहाळलं. "कुणी सांगितलं तुमाला हे? त्यानं?"

नाव घेऊ नका म्हणून बजावलं होतं. पण खोटं बोलणं मला त्या ओसरीवर जमलं नाही. "हो," मी म्हणालो. "आबांनी."

संदीप असा ओरडला की वहिनींच्या हातातलं फडकं पडलं. "माज्या बापाच्या मानंवर वस्तरा चालवला तवा न्हवतं का कळलं त्याला? आता वीस वर्सानं डाक्टर झाला व्हय?"

"तेव्हा नव्हतं कळलं," मी म्हटलं. "म्हणून तर तेव्हापासून ते लोकांच्या माना बघत बसलेत. गाव तुटलं तरी बघतायत." आणि मग मी शर्टाची कॉलर खाली ओढून त्याच्याकडे पाठ केली. "ही बघा माझी. तुमच्यासारखीच आहे. मला साखर आहे. सहा महिने तुमच्याच घरात गोळ्या खातोय, तुम्हालाही सांगितलं नाही. आबांनी अर्धी दाढी ठेवली म्हणून कळलं."

माझी पाठ होती, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. मग वहिनींचा आवाज आला. "उटा. कापडं घाला. सासूबाई अशाच बसून ऱ्हायल्या हुत्या, मी न्हाई बसायची."

संदीपनं कपडे घातले. त्याच्या एका भावकीतल्या माणसाची जीप आली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला: साखर फार निघाली, पुण्याला दाखल केलंय, फोड डॉक्टर साफ करणार आहेत. मी ऑफिसला जायच्या आधी आबांच्या दुकानात गेलो. ते हात धूत होते. गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी नळ बंद केला नाही. "पाचवा दिस जाऊ द्या," म्हणाले.

पाचवा दिवस गेला. दहावाही गेला. आबा रोज मला विचारायचे नाहीत, फक्त बघायचे, आणि मी मान हलवायचो: बरं आहे, ताप नाही. त्यांची दाढी वाढली होती. ती करायला त्यांना कुणी नव्हतं आणि त्यांना सुचतही नव्हतं.

श्रावण संपला तसं दुकानात महिनाभराचं जंगल घेऊन लोक येऊ लागले. गणपती तोंडावर आलेले, बाकावर सात-आठ माणसं दाटीनं बसलेली. हॉटेलवाला म्हाताराही होता. मी रविवार म्हणून नंबर लावून उभा होतो. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडे संदीप दिसला. रोडावला होता. मानेवर पांढरी मलमपट्टी. तो नेहमीसारखा बाजू बदलेल असं वाटलं, पण तो रस्ता ओलांडून सरळ दुकानाकडे आला, आणि तो दारात उभा राहिला तेव्हा बाकावरच्या सगळ्या माना तिकडे वळल्या.

त्याची दाढी अर्धी होती. उजव्या गालावर श्रावणाचं वाढलेलं रान तसंच होतं आणि डावा गाल त्यानं घरी स्वतःच्या हातानं साफ केला होता, घाईघाईत, दोन ठिकाणी कापून घेऊन.

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या कटिंगवर आपण होऊन उठलं. संदीप बसला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं आबांपुढे धरला.

"कागद आणलाय आबा," तो म्हणाला. "राहिलेली करा."

आबांनी कागद घेतला, नेहमीसारखा उलटसुलट बघितला आणि माझ्या हातात दिला. मी आकडा वाचला. अजून जास्तच होता, पण पहिल्या दिवसाच्या निम्म्यावर आला होता. मी तसं मोठ्यानं सांगितलं. आबा हात धुवायला गेले. त्या दिवशी ते किती वेळ हात धूत होते ते मला सांगता येणार नाही, पण बाकावरच्या एकानंही वर्तमानपत्र उघडलं नाही.

परत येऊन त्यांनी ब्रश भिजवला, गाल भिजवला. वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं. आणि मग हात हवेत तसाच राहिला. तो थरथरत होता. वीस वर्षांपूर्वी नदीवर न थरथरलेला हात होता तो.

"मला दिसंना झालंय," आबा म्हणाले.

संदीपनं मान मागं टाकली, गळा त्यांच्यापुढे उघडा केला आणि डोळे मिटून घेतले.

"सावकाश करा," तो म्हणाला. "मला घाई न्हाई."

आबांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आत दिवसाही ट्यूब लावलेली असते. मी पिरंगुटला राहायला गेलो, लग्न झालं, गोळ्या आता टेबलावर उघड्या ठेवतो. पण त्या सकाळी उजव्या गालाला पाऊण तास लागला, बाकावरचं एकही माणूस उठून गेलं नाही, आणि संदीपच्या त्या गालावर एकसुद्धा ओरखडा आला नाही.